फोन हरवला की आधी रिंग, मग बाकीचं

काकू, सराफ्याच्या गर्दीतून घरी आल्यावर पर्समध्ये फोन नाही म्हटलं की हातपाय गळतात, ठाऊक आहे मला. तरी आधी घरातल्या कुणाच्या फोनवर ‘फाइंड हब’ हे गूगलचं हरवलेला अँड्रॉइड फोन शोधायचं अ‍ॅप उघडा आणि तुमच्या गूगल खात्यानं लॉगिन करा. तिथून रिंग दिली की फोन सायलेंटवर असला तरी ५ मिनिटं मोठ्यानं वाजतो. माझा असाच गादीखाली सापडला! नकाशात अनोळखी घर दिसलं तर एकट्या मुळीच जाऊ नका, पोलिसांना दाखवा. फोन लॉक करा, पण सगळं पुसायची घाई नको. पुसल्यावर ठिकाण दिसत नाही. पोलिसांत तक्रार दिल्यावर ‘संचार साथी’ या सरकारी वेबसाइटवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करता येतो. तो नंबर खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका.