वाचक विचारतात : बॅग तीच, मग प्रत्येक विमानात नियम वेगळा का?

या वेळी विमानप्रवासातल्या सामानाबद्दलचे प्रश्न एकत्र घेतलेत, कारण पत्रं वेगवेगळी असली तरी चीड एकच आहे. तिकीट बघताना स्वस्त वाटलं आणि विमानात बसेपर्यंत बॅगेनेच खिसा रिकामा केला.

प्रश्न : जाताना माझी ट्रॉली बॅग कोणी बघितलीही नाही. येताना दुसऱ्या कंपनीच्या विमानाला गेटवर ती मापाच्या चौकटीत घालायला लावली, चाकं वर राहिली आणि लगेच पैसे भरा म्हणाले. दुकानदाराने तर 'केबिन साइज' म्हणूनच विकली होती. हा नियम नक्की ठरवतं कोण?

प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. हातातल्या बॅगेचं माप जगभर एकच असावं असा कुठलाही कायदा नाही. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना, ती ५६ × ४५ × २५ सेंटीमीटर असं एक माप सांगते, पण ते फक्त मार्गदर्शक आहे, कंपनीवर बंधनकारक नाही. २०१५ साली आयाटाने ५५ × ३५ × २० असं एक माप पुढे आणून बघितलं, त्या मापाच्या बॅगेवर खास खूण असेल, ती खूण दिसली की बॅग चालेल अशी कल्पना होती, पण हे माप बऱ्याच कंपन्यांच्या तेव्हाच्या मापापेक्षा लहान, त्यामुळे लोकांना वाटलं आता नव्या बॅगा घ्यायला लावणार, अमेरिकेत तर मोठाच विरोध झाला आणि थोड्याच दिवसांत योजना थांबवली. २०२५ मधे युरोपातल्या मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने सीटखालच्या फुकट बॅगेसाठी निदान ४० × ३० × १५ एवढं माप तरी सगळे सदस्य मान्य करतील असं जाहीर केलं. पण ती झाली छोटी पिशवी. वरच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेचं प्रत्येकाचं अजून वेगळंच आहे.

म्हणून दुकानातल्या 'केबिन साइज' या चिठ्ठीला काही अर्थ नाही. बॅग घरी टेपने मोजा आणि मोजताना चाकं, हँडल, बाहेरचे खिसे सगळं धरून मोजा, कारण दुकानात कित्येकदा फक्त खोक्याचं माप लिहिलेलं असतं आणि गेटवरची चौकट चाकांसकट मोजते. बाहेरचा खिसा फुगवून भरला तरी दोन-तीन सेंटीमीटर सहज वाढतात. कडक खोक्याच्या बॅगेपेक्षा मऊ कापडी बॅग बरी, ती दाबून बसते.

आता गेटवरच्या माणसाबद्दल. त्याच्यावर ओरडून काही होत नाही हे मी मनापासून सांगते, पण त्याच्या मागे काय चालतं हेही लोकांना कळायला हवं. अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मधे अहवाल काढला, त्यात दिसलं की स्पिरिट आणि फ्रंटियर या दोन कंपन्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून जवळपास २ कोटी ६० लाख डॉलर गेटवरच्या कर्मचाऱ्यांना आणि इतरांना दिले, कशासाठी तर नियमात न बसणाऱ्या बॅगा पकडण्यासाठी. म्हणजे समोरचा माणूस तुमची बॅग मोजतोय तेव्हा त्याचाही त्यात वाटा असू शकतो. हे मला फार चुकीचं वाटतं. नियम पाळून घ्यायचा तर सगळ्यांकडून सारखा पाळून घ्या, बॅग पकडण्यावर बक्षीस कशाला?

प्रश्न : पूर्वी तिकिटात बॅग असायचीच. हे वेगळे पैसे घ्यायची पद्धत आली कुठून आणि सरकारं गप्प का?

सुरुवात २००८ ची धरा. तेलाचे भाव प्रचंड चढले होते आणि अमेरिकन एअरलाइन्सने मे महिन्यात जाहीर केलं की पहिल्या चेक-इन बॅगेलाही १५ डॉलर लागतील, मोठ्या कंपन्यांत पहिल्या बॅगेला हात घालणारी तीच पहिली, आणि मग बाकीच्या बहुतेक मोठ्या कंपन्या एकेक करत तिच्या मागोमाग आल्या. पुढे तेल उतरलं, पण फी तशीच राहिली. कारण एकदा कळलं की तिकिटाचा आकडा खाली ठेवला तर किमतींच्या यादीत आपलं नाव वर दिसतं, आणि पैसे नंतर बॅगेवर, सीटवर, रांगेत पुढे जाण्यावर मिळतात, तर कोण सोडेल? अमेरिकेत आणखी एक गोष्ट आहे जी फारशी कोणी बोलत नाही, तिथे देशांतर्गत तिकिटाच्या किमतीवर साडेसात टक्के कर आहे, तो बॅगेच्या फीवर लागत नाही. म्हणजे तोच पैसा तिकिटाऐवजी बॅगेच्या नावाने घेतला की कर वाचतो.

आणि या पहिल्या फीमुळेच हातातल्या बॅगेचा प्रश्न उभा राहिला बरं का. खाली टाकायला पैसे म्हणून लोक सगळं वर न्यायला लागले, वरचे कप्पे भरायला लागले, बोर्डिंग लांबलं, आणि मग कंपन्यांनी त्या गर्दीचंही दुकान मांडलं. स्पिरिटने २०१० मधे वरच्या कप्प्यातल्या बॅगेलाही पैसे लावले. युरोपातल्या स्वस्त तिकिटांच्या रायनएअरने २०१८ मधे फुकट नेता येणारं सामान सीटखालच्या छोट्या बॅगेपुरतं आणलं. अमेरिकेतल्या साउथवेस्टची तर 'बॅग फुकट' ही जाहिरातच होती, तिनेही मे २०२५ च्या अखेरीपासून नव्या तिकिटांवर बऱ्याच प्रवाशांना बॅगेचे पैसे लावले, त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

सरकारं अगदीच गप्प आहेत असं नाही. युरोपियन न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१४ ला व्ह्युएलिंग या स्पेनच्या विमान कंपनीच्या खटल्यात सांगितलं की चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही, पण हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, वजन-माप वाजवी असेल आणि सुरक्षेचे नियम पाळले असतील तर त्यावर जादा आकार लावता येणार नाही. ऐकायला किती सरळ! पण 'वाजवी' म्हणजे किती हे निकालात आकड्यात लिहिलं नाही आणि कंपन्या म्हणतात आमची सीटखालची छोटी पिशवी फुकट आहे की, तेवढं वाजवी आहे. नोव्हेंबर २०२४ मधे स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने रायनएअर, व्ह्युएलिंग, ईझीजेट, नॉर्वेजियन आणि व्होलोटिया या पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोचा दंड ठोकला, त्यात हातातल्या बॅगेचे पैसे घेणं हे एक मोठं कारण होतं. कंपन्यांनी त्याला विरोध केला आणि भांडण कोर्टात गेलं.

माझं मत विचाराल तर फी घेण्यालाच माझा विरोध नाही. पाठीवर एक सॅक घेऊन जाणाऱ्याने दुसऱ्याच्या दोन सुटकेसचा खर्च का उचलावा, हा मुद्दा मला पटतो. पण किंमत पहिल्याच पानावर पूर्ण दिसली पाहिजे. तिकीट काढताना एक आकडा, चेक-इनला दुसरा, गेटवर तिसरा आणि सगळ्यात मोठा, कारण तिथे माणूस मागे फिरू शकत नाही, ही अडवणूक आहे.

प्रश्न : माझ्या प्रवासात दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं आहेत. पहिली म्हणते २३ किलोची एक बॅग, दुसरी म्हणते एकूण ३० किलो. मी कोणाचं ऐकू?

आधी बघा की दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का. एकाच तिकिटावर असतील तर चेक-इन सामानाला सहसा पूर्ण प्रवासभर एकाच कंपनीचा नियम लागतो, आणि तो तुमच्या ई-तिकिटावरच छापलेला असतो, '1PC' सारखं लिहिलं असेल तर नग मोजणार, '30K' असेल तर किलो मोजणार. वाद झाला तर हाच कागद दाखवायचा. हातातल्या बॅगेला मात्र प्रत्येक विमानात त्या त्या विमान चालवणाऱ्या कंपनीचा नियम, म्हणून दोघांतलं लहान माप धरून चला. तिकिटं वेगळी काढली असतील तर दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, दुसऱ्या काउंटरवर पुन्हा वजन आणि गरज पडली तर पुन्हा पैसे.

नग न मोजता एकूण किलो मोजणार असतील तर सगळं एकाच बॅगेत कोंबायचा मोह होतो, पण ३२ किलोच्या वर एक नग बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कितीही पैसे द्या. ती मर्यादा बॅगा उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे आणि तिच्यावर कोणी चिडू नये.

प्रश्न : 'वर जागा नाही' म्हणून माझी बॅग विमानाच्या दारात काढून खाली टाकली. हे चालतं का? आणि काही तुटलं तर?

चालतं, कप्पे भरले की ते असं करू शकतात. तुमची बॅग मापात असताना फक्त जागा नाही म्हणून काढली असेल तर पैसे मागायला नकोत, तेवढं शांतपणे विचारून घ्या. पण बॅग देण्याआधी पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या बाहेर काढायच्याच, विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात त्यांना बंदी आहे, आग लागली तर तिथे विझवायला कोणी नसतं. (१०० वॉट-तासांपर्यंतची पॉवरबँक सहसा परवानगीशिवाय नेता येते, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.) औषधं, चष्मा, कागदपत्रं, लॅपटॉप हेही काढा, म्हणून हे सगळं आधीपासूनच एका छोट्या पिशवीत वेगळं ठेवलं की दारात उघडझाक करावी लागत नाही.

टॅगचा तुकडा मागून घ्या, जपून ठेवा. टॅग लावून बॅग त्यांच्या ताब्यात गेली की जबाबदारी त्यांची. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार लागतो, त्यात नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी द्यायची असते आणि बॅग उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत. विमानतळावरून बाहेर पडायच्या आधीच काउंटरवर नोंद करा, फोटो काढा.

प्रश्न : आईला झोपताना श्वासाचं मशीन लागतं. ते हातातल्या बॅगेत मोजतात का?

मोजायला नको. अमेरिकेच्या नियमात अशी वैद्यकीय उपकरणं हातातल्या सामानाच्या मर्यादेत धरत नाहीत, आणि युरोपच्या २००६ च्या नियमात अपंग किंवा चालायला त्रास असलेल्या प्रवाशांना वैद्यकीय उपकरणं आणि त्याशिवाय चालण्या-फिरण्याची दोन साधनं, अगदी व्हीलचेअरसुद्धा, वेगळे पैसे न देता नेता येतात. तिकीट काढलं की लगेच कंपनीला लेखी कळवा, निदान ४८ तास आधी तरी, उत्तराची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. मशीन वेगळ्या पिशवीत ठेवा आणि त्या पिशवीत कपडे-बिपडे काही घालू नका, घातले की ती साधी बॅग धरायला त्यांना कारण मिळतं.