मासळीची भुकटी : प्रमाणपत्र काय तपासते?

प्रश्न : मत्स्यखाद्यातील मासळीची भुकटी व तेल ‘जबाबदारीने मिळवलेले’ आहे, म्हणजे नेमके काय?

उत्तर : मरीनट्रस्टसारख्या (मासळीची भुकटी व तेल यांसाठीच्या) प्रमाणपत्रासाठी मासळी समुद्रातील माशांच्या कोणत्या साठ्यातून आली, त्या साठ्याचे व्यवस्थापन कसे आहे आणि तिचा माग कारखान्यापर्यंत लागतो का, हे तपासले जाते. मासळी साफ करताना उरलेली डोकी व काटे वापरले, तर ताज्या पकडीवरचा भारही हलका होतो. माझ्या मते खरी कसोटी पकड थांबवण्याच्या तयारीत आहे : एल निन्योमुळे समुद्र तापला आणि अँकोव्हेटा या भुकटीसाठी पकडल्या जाणाऱ्या छोट्या माशाची पिल्लेच मोठ्या प्रमाणात जाळ्यात येऊ लागली, तेव्हा पेरूने २०२३ मध्ये उत्तर-मध्य किनाऱ्यावरील पहिला हंगाम, तोटा सोसून, रद्द केला. पुरवठादाराकडून माशाची जात व पकडीचे क्षेत्र लेखी मागावे.