‘वेल्डिंगनं पोराचे डोळे जातील का?’

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक कुटुंब आमच्याकडे सल्ला विचारायला आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा दहावी झालेला, सहा महिने गावातल्या गेट-ग्रिलच्या दुकानात जात होता. त्याला आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यायचा होता. वडील म्हणाले, "काम शिकतोयच की, मग वर्ष कशाला घालवायचं?" आईची काळजी वेगळी होती. "सर, मध्यरात्री उठून बसतंय ओ पोरगं. डोळ्यांत वाळू घातल्यागत होतंय म्हणतंय. डोळं जातील की त्याचं."

ही तक्रार निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरी ऐकायला मिळते. आर्कमधले, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या झोतातले, अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भाजतात आणि त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून झोपमोड होते. बहुतेकदा तो एक-दोन दिवसांत उतरतो. पण वरचेवर होत असेल तर कुठेतरी चुकतंय. मुलाला विचारलं, "टाका मारताना काच धरतोस का?" तो गप्प. टाका म्हणजे तुकडे जागेवर धरायला मारलेला छोटा वेल्ड. त्याला क्षणभरच लागतो, म्हणून डोळे मिटून मारायची सवय! शेजारी दुसरा रॉड चालू असतानाही तो उघड्या डोळ्यांनी पाइप धरून उभा असायचा.

"अक्का, काळी काच दहा किंवा अकरा नंबरची घ्या, तिच्या खाली साधा पांढरा चष्मा," असं सांगितलं. मळी (वेल्डवर जमणारं कडक कवच) ठोकताना आणि ग्राइंडर चालवताना काळी काच वर असते. डोळ्यात तापलेला कण घुसतो तो तेव्हाच, आणि ती इजा एका रात्रीत बरी होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून गार वाटतं, एवढंच. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं किंवा कण गेल्याची शंका आली तर डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालू नयेत, त्यानं जखम भरायला उशीर होतो.

खरं तर आईनं धुराची काळजी करायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. गावच्या दुकानात जीआय पाइप फार. त्यावरचा जस्ताचा थर जळाला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि सगळे त्याला हवामान बदललं म्हणतात. जोडाच्या दोन्ही बाजूंचा इंचभर थर आधी घासून काढायचा, वारा बाजूनं येईल असं बसायचं, डोकं धुराच्या लोटात घालायचं नाही.

वडिलांच्या प्रश्नाला आम्ही तोंडी उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी मुलाला १० मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या उलट्या ‘टी’सारख्या, एकाच बाजूनं वेल्ड करून आणायला सांगितल्या. आणलेला जोड दिसायला देखणा होता. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तो व्हाइसला बांधला आणि वेल्डच्या बाजूला पाडायला उभ्या पट्टीवर हातोडा घातला. तिसऱ्या घावात जोड उघडला. आत मुळाशी काळी मळीची रेघ, आणि खालच्या पट्टीची कड न वितळता तशीच. अडीच मिलिमीटरचा रॉड, करंट ७० अँपिअरच्या आसपास: ग्रिलच्या पातळ चौकोनी पाइपला हे चालतं, कारण जास्त करंटला भोक पडतं. जाड पट्टीला ३.१५ चा रॉड आणि ११०-१२० अँपिअर लागतो. रॉड दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध ४५ अंशांत, आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढीच, आणि पहिल्या थरावरची मळी वायरब्रशनं साफ केल्याशिवाय दुसरा थर नाही. वडील तुकडा उलटासुलटा करून बघत राहिले.

वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, प्रवेशाला आठवी पास पुरते. त्यानंतर १९६१ च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप करता येते. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक वसाहती जवळ आहेत आणि कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावही लांब नाहीत. मराठी शाळेतून आलेल्याला भाषेची धास्ती असते, पण शॉपवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा चालतात. प्रवेशाआधी संस्थेचं वर्कशॉप मात्र बघून यावं. किती मुलांमागे एक मशीन, सीओटू आणि टिग (वायूच्या आवरणाखाली वेल्ड करणारी मशीन) चालू आहेत की झाकून ठेवलेत, हे विचारावं. भंगाराचा ढीगही बघावा: तुकड्यांवर वेल्डच्या ओळी आहेत की नुसता गंज?

एजंट ‘कायमचं सिक्स-जी सर्टिफिकेट’ विकतात, त्यापासून सावध. सिक्स-जी म्हणजे ४५ अंशांत पक्का बांधलेला पाइप न फिरवता वेल्ड करणं. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमांत त्या प्रक्रियेचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर पात्रता संपते.

मुलगा आता अप्रेंटिस आहे, सध्या डोक्यावरच्या फोर-जी जोडावर अडलाय. ठिणग्या बाहीत आणि खिशात पडतात. आईनं त्याचे टेरिकॉटचे शर्ट कपाटात ठेवून दिलेत, तो कपडा वितळून कातडीला चिकटतो म्हणून, आणि जाड सुती कापडाचे दोन शिवून घेतलेत, खिशाला झडप लावून.