घरचे नको म्हणतात म्हणूनच ओढ वाढते काय?

यावेळी पत्रांचा ढीग आलाय, त्यातली तीन घेतलीत. नावं नेहमीसारखी काढून टाकलीत, त्यामुळे गावात कुणी ओळखलं तर तो दोष माझा नाही, तुमच्या मित्रांचा.

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपला आहे. सकाळच्या बसला मच्छेत एक मुलगी चढायची, तिच्या घरी कन्नड बोलतात पण ती मराठी एकदम झकास बोलते. दोन वर्षं झाली आमचं. आता दोन्ही घरी समजलंय आणि दोन्हीकडून नकार. आमच्यात जात आणि भाषा, त्यांच्यात तर माझा भाऊ काळ्या दिनाच्या (सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून एक नोव्हेंबरला मराठी लोक पाळतात तो) सायकल फेरीला जातो हेच पहिलं काढले. मी तिला सोडणार नाही. पण दोस्त म्हणाला, "घरचे नको म्हणतात म्हणून तुला एवढी ओढ आहे बघ, उद्या हो म्हणाले की महिन्यात उतरंल." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. असं असतंय काय खरंच?

उत्तर : तुझ्या दोस्ताने मानसशास्त्र वाचलेलं नसणार, पण तो म्हणतोय ते मानसशास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षं छापून येत होतं. १९७२ साली अमेरिकेत ड्रिस्कॉल, डेव्हिस आणि लिपेट्झ या तिघांनी १४० जोड्यांना प्रश्न विचारले, काही लग्न झालेल्या, काही न झालेल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारले. ज्यांच्या घरच्यांची ढवळाढवळ मधल्या काळात वाढली होती त्यांचं एकमेकांवरचं प्रेमही वाढलेलं दिसलं. झालं, लोकांना गोष्ट आवडली, कारण सिनेमात पण तसंच असतं ना. नंतर कुणी फारसं तपासलंच नाही, आणि ज्यांनी तपासलं त्यांना उलटच दिसत गेलं.

२०१४ मध्ये सिंक्लेअर, हूड आणि राइट यांनी तोच प्रयोग तेच प्रश्न घेऊन पुन्हा केला, ३९६ जणांवर. ते वाढलेलं प्रेम काही सापडलं नाही. जिथे घरच्यांचा विरोध जास्त तिथे प्रेम, विश्वास, टिकून राहायची तयारी, सगळंच कमी. दुसऱ्या बाजूने डायन फेल्मली या संशोधिकेने २००१ मध्ये दाखवलं की आजूबाजूच्या लोकांचा पाठिंबा असेल, त्यातही मित्रमंडळींचा, तर जोडी तुटायची शक्यता कमी होते. हे सगळे अमेरिकेतले आकडे आहेत हे लक्षात ठेव, तिकडे घरच्यांनी नको म्हटलं तर थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण बिघडतं, आपल्याकडे राहायचं घर, शेताची वाटणी, बहिणीचं ठरलेलं लग्न, सगळंच पणाला लागतं. म्हणजे विरोधाचा भार आपल्याकडे जास्तच पडणार, कमी नाही.

तेव्हा ओढ खोटी आहे काय ही काळजी सोड. ती बसमध्ये रोज दिसली म्हणून आवडली, यात पण कमीपणा काही नाही. १९५० साली फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत बघितलं होतं की कुणाची कुणाशी मैत्री होते हे बऱ्याच अंशी कुणाचं दार कुणाच्या जवळ यावर ठरतं. बहुतेकांचं असंच कुठल्यातरी दाराशी नाहीतर स्टॉपवर जुळतं.

माझी काळजी वेगळी आहे. दोघं मिळून घरच्यांशी भांडताना तुम्ही एक टीम असता, आणि त्या नादात बाकीचं बोलायचं राहून जातं. राहणार कुठे, बेळगावात खोली घेऊन की गावात? पोरं झाली तर शाळा मराठी, कन्नड की इंग्लिश मीडियम? तिचे आईवडील थकले तर? एक नोव्हेंबरला तुझा भाऊ फेरीत आणि तिचा मामा राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या मिरवणुकीत, तुम्ही दोघं त्या दिवशी काय करणार? एक रविवार घरच्यांचा विषय न काढता नुसतं यावर बोला. बोलायला काहीच उरलं नाही तर दोस्ताचं म्हणणं थोडंफार खरं. मला तरी वाटतं उरेल.

आणि विरोध अंगावर घेऊन मिरवू नका, तो कमी करायच्या मागे लागा. सगळं घर एकदम पटवायला जाऊ नकोस, एक माणूस शोध, वहिनी, आत्या, मामा, जो आधी ऐकून तरी घेईल. तुझ्या घरी तू बोलायचं, तिच्या घरी तिने, भावाला मध्ये घालायचं नाही. ती तुझी भाषा झकास बोलते म्हणतोस, तुझं कन्नड कुठवर आलंय ते लिहिलंच नाहीस की! तिच्या आईला "ऊट आय्ता" (जेवण झालं का) एवढं तरी नीट विचारता आलं पाहिजे. कायद्याचं म्हणशील तर मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल तर घरच्यांची परवानगी लागत नाही, सज्ञान माणसांच्या लग्नात घरच्यांनी नाहीतर जातपंचायतीने आडवं यायचं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. कुणी धमकी दिली, तिला कोंडून ठेवलं, तर मग मासिकाला पत्र लिहीत बसू नका, सरळ वकील आणि पोलीस गाठा.

प्रश्न : रीलमध्ये बघितलो की मुलीला भीतीच्या जागी नेलं की ती प्रेमात पडते, सायन्सने सिद्ध झालंय म्हणे. क्लासमधल्या एकीला गोकाक फॉल्सच्या झुलत्या पुलावर न्यायचं ठरवलोय. चालंल काय?

उत्तर : अरे देवा. प्रयोग खरा आहे, १९७४ चा, डटन आणि आरन यांचा, कॅनडातल्या कॅपिलानो नावाच्या झुलत्या पुलावर. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवून प्रश्न विचारायची आणि शेवटी फोन नंबर द्यायची. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला, साध्या भक्कम पुलावर १६ पैकी फक्त दोघांनी. भीतीची धडधड ते प्रेमाची समजले, असा अर्थ काढला गेला. आता नीट वाच, पाघळले ते पुरुष होते. म्हणजे या हिशोबाने गोकाकला जाऊन तूच अजून वेडा होऊन परत येशील, ती येईल भिजून आणि वैतागून.

शिवाय १९८१ मध्ये व्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुरुषांना पळायला लावून छाती धडधडती केली आणि मग मुलींचे व्हिडिओ दाखवले. जी आधीच छान वाटणारी होती ती जास्त आवडली, जी नव्हती ती अजूनच नावडती झाली. धडधडीने आहे तेच वाढतं. तिला तू आवडत असशील तर कॉलेजच्या कँटीनचा चहा पण पुरेल. आणि कुणाला घाबरवून काही मिळवायचं हा विचारच मला आवडला नाही, हे पण सांगून ठेवते. तिला विचार, ग्रुपने जाऊया काय म्हणून. नको म्हणाली तर विषय संपला.

प्रश्न : मी निपाणीची. लग्नाला दीड वर्ष झालं, मिस्टर पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. मेसेज वाचलेला दिसतो आणि तास तास उत्तर नाही, की माझ्या पोटात गोळा येतो. मग मी लास्ट सीन बघत बसते, भांडते, ते अजूनच गप्प होतात. माझंच काही चुकतंय काय?

उत्तर : चुकतंय असं नाही म्हणणार, पण तुम्ही दोघं एका चक्रात सापडलाय. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेत डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमाबद्दलची प्रश्नावली छापली, वाचकांनी भरून पाठवली (बघा, आपल्यासारखे पत्र लिहिणारे तिकडे पण होते). साधारण ५६ टक्के लोकांनी आपल्याला जवळ येणं सोपं जातं असं सांगितलं, २५ टक्क्यांना फार जवळीक झाली की अवघड वाटायचं, आणि १९ टक्क्यांना जोडीदार सोडून तर जाणार नाही ना ही धास्ती. तुमच्या पत्रावरून तुम्ही तिसऱ्या गटाकडे झुकताय आणि मिस्टर दुसऱ्या. तुम्ही जितकं विचाराल तितके ते आत जाणार, ते जितके आत जातील तितकं तुम्ही विचारणार. हा शिक्का जन्मभराचा नसतो, भरवशाचं माणूस मिळालं की बदलतो.

हे भांडण चालू असताना सांगू नका, ते निपाणीला आले की जेवणं झाल्यावर सांगा. "तुम्ही लक्ष देत नाही" असं म्हणायचं नाही, "उत्तर आलं नाही की मला भीती वाटते" असं म्हणा. एक वेळ ठरवा, समजा रात्री साडेनऊ, दहा मिनिटं फोन, शिफ्ट असली तर त्यांनी आधी कळवायचं. मधल्या वेळात उत्तराला उशीर झाला तर त्याचा अर्थ लावायचा नाही, आणि लास्ट सीन तर सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाका, तुमचं बंद केलं की त्यांचं पण दिसत नाही. दोन महिने असं करून बघा. ठरवलेला फोनही ते टाळायला लागले तर मात्र ते नुसते अबोल आहेत असं मी म्हणणार नाही, मग परत लिहा, सविस्तर.