ग्रेट डेन घरी आणण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पिल्लाचा फोटो पाहिला. पंजे बघूनच कळतं, गडी भरपूर वाढणार. वर्षभरात पन्नास-साठ किलोंच्या घरात जाईल आणि जेवणाच्या टेबलावर सहज नाक टेकवेल. फ्लॅटमध्ये राहील का, असं तू विचारलंस. राहतो. डेन शांत आणि माणसांना धरून राहणारा कुत्रा आहे. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवलास तर बाकीचा दिवस तुमच्या पायाशी लोळून काढेल. मला काळजी जागेची नाही, तुझ्या उत्साहाची वाटते. त्याला लवकर मोठा करायची घाई करू नकोस.

पिल्लू घरी आलं की कोणीतरी कॅल्शियमची बाटली हातात ठेवतंच. "मोठी जात आहे, हाडं भक्कम व्हायला हवीत." ती बाटली परत कर. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्यांना जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. ते अंगात जातं आणि हाडांची वाढच बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी असलेलं खाद्य दे. त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण बांधलेलं असतं, वरून काही घालायचं नाही. गुटगुटीत पिल्लू पाहून आजी खूश होईल, पण तू हात फिरवून बघ. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. साधारण दीड वर्षापर्यंत सायकलमागे पळवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं बंद. आणि तुमच्या त्या गुळगुळीत टाइल्सवर तो येण्याआधीच रबरी मॅट टाकून घे.

एका गोष्टीत मात्र जराही वेळ दवडायचा नाही. ती म्हणजे पोट. डेनची छाती खोल असते. कधी कधी जठर वायूने फुगतं आणि त्याला पीळ बसतो. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. या आजाराचा धोका ज्या जातींना सर्वांत जास्त, त्यांत डेन अगदी वर आहे. उलटीचे उमाळे येतात पण फेसापलीकडे काही पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, वळून वळून पोटाकडे बघतो. डाव्या बरगड्यांमागे टिचकी मारलीस तर ढोलकीसारखा आवाज येतो. फुगवटा बरगड्यांआड दडूही शकतो, म्हणून पोट सपाट दिसतंय या भरवशावर राहू नकोस. ओवा, इनो काही देत बसू नकोस. उचल आणि दवाखाना गाठ.

कुठला दवाखाना, हे आत्ताच ठरव. दारावर 'चोवीस तास' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस. रात्री दोन वाजता भूल देऊन पोट उघडणारे डॉक्टर हजर असतात का, हे तोंडाने विचार आणि नंबर फ्रिजवर चिकटव. साठ किलोंचा आजारी कुत्रा चौथ्या मजल्यावरून खाली न्यायला जाड सतरंजी आणि चार माणसं लागतात. शेजाऱ्यांशी तेवढं बोलून ठेव.

रोजचं जेवण दोन-तीन वेळांत वाटून दे, आणि खाल्ल्यावर तासभर दंगा नाही. उंच स्टँडवर भांडं ठेवावं असं तुला बरेच जण सांगतील; अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या कुत्र्यांत हा धोका उलट वाढलेला दिसला. वाढ पूर्ण झाल्यावर नसबंदी करशील, तेव्हाच जठर पोटाच्या उजव्या भिंतीला शिवून घे. गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. फुगणं त्याने थांबत नाही, पण पीळ बसण्याची शक्यता फारच कमी होते. माझं विचारशील तर या शस्त्रक्रियेचे पैसे पिल्लाच्या किमतीतच धरायचे. ते जमणार नसतील तर डेन घेऊ नकोस.

औषधं वजनावर ठरतात, त्यामुळे साधा गोचीड-तापसुद्धा महागात जातो. पावसाळ्यात रोज रात्री कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघत जा. शेपटीवरही लक्ष ठेव. आनंदाने भिंतीवर आपटून तिचं टोक फुटतं, रक्ताचे शिंतोडे छतापर्यंत उडतात आणि ती जखम लवकर भरत नाही.

डेन साधारण सात ते दहा वर्षं जगतो. हे आईला आत्ताच सांग. जास्त जीव तिचाच लागणार आहे.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकणं कायद्याने मना आहे. त्याआधी देतो म्हणणाऱ्याकडून घेऊच नकोस. पिल्लाची आई समोर बघ, आईबापांच्या हृदयाची तपासणी झाली आहे का विचार, आणि आजी-आजोबा कशाने गेले तेही विचार. रविवारी जाणार असशील तर आदल्या दिवशी फोन कर, मी बरोबर येतो.

तुझा,
काका