पॅलेट निघालं, आता उन्हात धरून पाह

भाऊ, रंग निवडायच्या टूलच्या नव्या अपडेटमध्ये एका रंगावरून अख्खं पॅलेट, म्हणजे छटांचा संच, निघतं, म्हणून लगेच साऱ्या छटा कोडमध्ये कोंबू नको. तुझं अ‍ॅप कापसाचे भाव दाखवणार; लोक ते आर्वीच्या बाजारात भर उन्हात उघडणार. तेव्हा आधी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे अक्षरं अन् मागचा रंग यांच्या उजळपणाच्या गुणोत्तराचा, आकडा पाह. साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर #७७७७७७ या कोडचा राखाडी ४.४८ वर अडकतो, #७६७६७६ मात्र ४.५४ घेऊन पास. डोळ्याला दोन्ही सारखेच! त्यामुळे अंदाजपंचे काम नको.

छटा काढताना एचएसएलऐवजी ओकेएलसीएच निवड. दोन्ही रंग मोजायच्या पद्धती, पण ओकेएलसीएच उजळपणा (लाइटनेस) डोळ्याला दिसतो तसा धरते. एचएसएलमध्ये पिवळा अन् निळा, दोघांची लाइटनेस ५० टक्के ठेवली तरी पिवळा डोळ्यात खुपतो, निळा काळपट दिसतो. पिवळ्या बटणावर पांढरी अक्षरं तर विसरच.

भाव चढला की हिरवा, पडला की लाल, एवढ्यावर भागवू नको. काहींना हे दोन वेगळे ओळखू येत नाहीत. बाजूला बाण दे. एक्सपोर्ट सीएसएस व्हेरिएबलमध्ये (स्टाइलच्या कोडमध्ये रंगाला दिलेलं नाव) कर आणि नावं कामावरून ठेव, ‘हिरवा-३’ नको, ‘भाववाढ’ ठेव. डार्क मोड करायला बसशील तेव्हा कळेल, असं का ते. टूलमधलं ग्रेडियंटचं (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा) नवं खेळणं सवडीनं पाह, मला तर अजून लागलं नाही.