‘अभ्यासाचं काही नाही हो, पण तिला मैत्रीच करता येत नाही’

हे वाक्य मी मुलुंडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षानुवर्षं ऐकते आहे. कधी ‘तिला’, कधी ‘त्याला’, एवढाच फरक. बोलणारे बहुतेक असामान्य बुद्धीच्या मुलांचे आई-बाबा असतात. वर्गात पहिली येणारी हुशार मुलं वेगळी आणि ही मुलं वेगळी. १४५ च्या वर बुद्ध्यांक असलेलं मूल साधारण हजारात एखादं, १६० च्या वरचं तर तीस हजारांत एखादं. त्यामुळे शाळेत, सोसायटीत, नात्यागोत्यात तिच्यासारखं दुसरं कुणी नसेल, हेच धरून चालावं लागतं. तरीही सगळे तिला सांगत राहतात, ‘जा ना खाली, मुलांत मिसळ.’

म्हणून मुक्ताबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, घरच्यांची परवानगी आहे.

मुक्ता नऊ वर्षांची, चौथीतली. कोकणातल्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत जुनी कागदपत्रं सापडली, सगळी मोडी या जुन्या मराठी लिपीत. तक्ता समोर ठेवून ती एकटीच लिपी शिकली आणि दिवाळीच्या सुट्टीत एक वाटणीपत्र जवळजवळ पूर्ण वाचलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास पाळत नाहीत, हे कळल्यावर तिला इतका आनंद झाला की शाळेच्या व्हॅनमध्ये तिने तो सगळ्यांना सांगितला. व्हॅनमध्ये कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितला. तिसऱ्या दिवशी तिला ‘मोडी आजी’ नाव पडलं.

आईची तक्रार वेगळीच होती. ‘एवढं सगळं कळतं, मग रडते कशाला? परवा युद्धाची बातमी पाहिली आणि रात्रभर झोपली नाही. अजून गोधडीचा कोपरा तोंडात लागतो. नक्की किती वर्षांची आहे ही?’

‘नऊ,’ मी म्हटलं. ‘आणि चौदासुद्धा. आणि झोपताना पाच. एकाच वेळी.’

बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. ही मुलं सगळ्या अंगांनी सारख्या वेगाने वाढत नाहीत. युद्ध म्हणजे काय हे मुक्ताला चौदा वर्षांच्या मुलीइतकं समजतं, ते पेलायला मन मात्र नऊ वर्षांचंच असतं. लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमध्ये १८० च्या वर बुद्ध्यांक असलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. मोठ्यांची बुद्धी आणि लहान मुलाच्या भावना एका शरीरात घेऊन जगणं सर्वांत जड जातं ते साधारण चार ते नऊ या वयात, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. माझा अनुभव अगदी तोच आहे. तेव्हा ‘एवढं कळतं तर रडते कशाला’ याचं उत्तर, एवढं कळतं म्हणूनच रडते.

आता मैत्रीकडे येते. मुक्ताला बोलतं करायला मला वेळ लागला. एकदा मी तिला माझं नाव मोडीत लिहून मागितलं. तिने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. ‘आधी रेघ, मग अक्षरं. आणि मावशी, हात उचलायचा नाही.’ अक्षरं रेघेखाली लोंबू लागली. ती लिहित असताना मी विचारलं, ‘मैत्रीण कशी असावी गं?’

तिने मान वर केली नाही. ‘हुशार नसली तरी चालेल. पण मी आज सांगितलेलं तिच्या उद्या लक्षात पाहिजे. गुपित सांगितलं तर तिच्याकडेच राहिलं पाहिजे. आणि भांडण झालं ना, तरी संध्याकाळी ती माझीच मैत्रीण असली पाहिजे.’

मी बराच वेळ काही बोलले नाही. ही पोर माणूसघाणी आहे, शिष्ट आहे, तिला मिसळायला शिकवायला हवं, असं शाळेने लिहून पाठवलं होतं. आणि इथे ती मैत्रीची अशी व्याख्या सांगत होती, जी बहुतेक मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षी सुचते. नऊ वर्षांच्या मुलांसाठी मैत्रीण म्हणजे जिच्याबरोबर लंगडी खेळता येते ती. आज ही, उद्या ती. त्यात चूक काहीच नाही, त्या वयाची मैत्री तशीच असते. मुक्ता तिथे निष्ठा मागायला जात होती आणि दर वेळी रिकाम्या हाताने परत येत होती. तिला मैत्री करता येत नव्हती असं नाहीच. तिची मैत्री घेऊ शकेल असं कुणी तिला भेटलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी मुलांच्या मनातल्या मैत्रीच्या कल्पनेच्या पाच पायऱ्या मांडल्या. ‘खेळायला सोबत’ ही पहिली आणि ‘हक्काचा आसरा’ ही शेवटची. मूल कोणत्या पायरीवर आहे हे त्याच्या वाढदिवसापेक्षा बौद्धिक वयावर अधिक ठरतं, असं त्यांना आढळलं. मुक्ताच्या आईला मी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे माझी मुलगी बिघडलेली नाही?’

‘नाही. ती एकटी पडलीये. त्यावर उपाय आहे.’

पण त्याआधी मला एक गोष्ट दाखवायची होती. आईने शाळेच्या पेपरांची फाइल आणली होती, गुण अचानक का घसरले हे विचारायला. गणिताचा एक पेपर मी खिडकीच्या उजेडात धरला. खोडरबराने खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता आणि पेन्सिलीचा दाब स्पष्ट दिसत होता. खाली बरोबर उत्तर, त्यावर चुकीचं. असं पाच ठिकाणी. मुक्ताला विचारलं तर म्हणाली, ‘वीसपैकी वीस पडले की डबा खायला कुणी बोलवत नाही. चौदा-पंधरा बरे असतात.’

या मुली हे फार लवकर शिकतात, मुलांपेक्षाही लवकर. पालकांनी गुण घसरल्याबद्दल रागवायच्या आधी कागद उजेडात धरून बघावा.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुमच्या घरीही ते करता येईल. खाली खेळायला जायची सक्ती आधी बंद केली. तिला वाटलं तर ती जाते आणि लगोरी खेळून येते, तिथे मोडी काढत नाही. सगळी भूक एकाच मैत्रिणीने भागवायची नसते. खेळायला एक, पुस्तकांवर बोलायला दुसरी, मनातलं सांगायला तिसरी असली तरी चालतं, आणि त्या तिघी एकाच वयाच्या असायलाच हव्यात असं नाही. हे तिला समजल्यावर ती अक्षरशः सैल झाली.

मग बाबांनी दादरला एक मोडीचा वर्ग शोधला. तिथे बहुतेक विद्यार्थी निवृत्त काका-काकू आणि एक नववीतली मुलगी. त्या दोघी आता एकमेकींना मोडीत चिठ्ठ्या लिहितात. आजीला आधी हे पटेना, ‘एवढ्या मोठ्या मुलीशी कसली मैत्री?’ वयाने मोठ्या मैत्रिणीची भीती पुष्कळ घरांत असते. मी सांगते, मोठ्या माणसांच्या नजरेसमोर, वर्गात किंवा घरी भेटू द्या, पण भेटू द्याच. तुमच्या मुलाला पक्षी-कीटकांचं वेड असेल तर फोर्टला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, विज्ञानाचं असेल तर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. स्पर्धांचं फारसं मनावर घेऊ नका. मुलाला त्याच्या वेडाची माणसं कुठे भेटतील ते बघा.

गणपतीत पाहुण्यांसमोर ‘एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव’ हे मात्र कायमचं बंद करा. माझं हे मत ठाम आहे. ज्या मुलाला आधीच वेगळं वाटतं, त्याला आपण टाळ्या वाजवून आणखी वेगळं करतो.

वरच्या वर्गात बसवावं का, हे हमखास विचारतात. ग्रॉस यांनी १६० च्या वर बुद्ध्यांक असलेल्या साठ मुलांचा वीस वर्षं मागोवा घेतला. जी दोन किंवा अधिक इयत्ता पुढे गेली, त्यांना मित्र मिळाले आणि ती मैत्री टिकली. जी समवयस्कांतच राहिली, त्यांतल्या अनेकांना मैत्री पुढेही अवघड गेली. आपल्याकडे शाळा सहज तयार होत नाहीत, म्हणून मुक्ताच्या बाईंना आम्ही एवढंच विनवलं की गणिताच्या तासाला तिला सहावीत बसू द्या. बाई तयार झाल्या. डब्याच्या सुट्टीत ती चौथीतच असते.

मूल सलग दोन-तीन आठवडे झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, शाळेचं नाव काढताच पोटात दुखत असेल किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही बोललं असेल, तर मैत्रीच्या गप्पा बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.